किंचाळीचा सराव

त्या दिवशी तिला तिसऱ्या बायकोची किंचाळी द्यायची होती, आणि लेखकाला ती काही केल्या पसंत पडत नव्हती.

काचेच्या पलीकडे लेखक बसला होता. पुढ्यात चहा, हातात बिस्किट. बिस्किट चहात बुडवायचं, ते गळून पडायच्या आत तोंडात टाकायचं आणि तोंड भरलेलं असतानाच बाईचा गळा कसा दाबला जातो ते समजावून सांगायचं, अशी त्याची पद्धत. दाढीत बिस्किटाचा चुरा अडकलेला असायचा. तिला तो बघवत नसे, आणि माइकसमोर उभं राहिलं की नजर नेमकी तिथेच जायची.

"ताई, भीती आहे," तो म्हणाला, "पण नजाकत नाही."

"नवरा तळघरात गळा दाबतोय. नजाकत कुठून आणू?"

"तेच तर तुमचं कसब. ऐकणाऱ्याला कीव येता कामा नये. कीव आली की माणूस गोष्ट बंद करतो. त्याला शहारा आला पाहिजे, गोड शहारा. शेवट जरा वर न्या आणि मग श्वास सोडा, झोपेत सोडतात तसा."

तिने शेवट वर नेला. श्वास झोपेत सोडतात तसा सोडला. लेखकाने मान हलवली आणि दुसरं बिस्किट घेतलं. यंत्रावर बसणारी बाई, जिला सगळे बटणवाली म्हणत, तिने काचेआडून तिच्याकडे बघून डोळे फिरवले. दोघींची जुनी मैत्री. लेखकासमोर तोंडाने काही बोलायची सोय नव्हती, म्हणून सगळं डोळ्यांनी.

ही भयकथा लोक मोबाइलवर ऐकायचे, दर आठवड्याला एक भाग. टेकडीवर एक मोठं घर, घराचा मालक, कुलूपबंद खोल्या आणि त्यात एकामागून एक येणाऱ्या बायका. मालकाला सगळं होतं. दुःखी बालपण होतं, लवकर गेलेली आई होती, पावसात वाजवायला व्हायोलिन होतं. बायकांना साधं नावसुद्धा नव्हतं. पहिली बायको, दुसरी बायको, तिसरी बायको. त्यांनी यायचं, उघडू नको म्हटलेलं दार उघडायचं आणि मरायचं. तिने एकदा विचारलंही होतं की या बाईला निदान एखादी बहीण असेल की नाही, कुणी चौकशीला येत कसं नाही? लेखक हसला होता. म्हणाला, चौकशी आली की भय गेलं.

सगळ्या बायकांचं मरण तिच्या वाट्याला यायचं. जिन्यावरून पडून, न्हाणीघरात बुडून, भिंतीत चिणून, ती सगळीकडे मेली होती. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पोटातून आवाज उचलायचा, घसा मोकळा ठेवायचा, वर नेऊन सोडून द्यायचा. बटणवालीने तिला सांगितलं होतं की ऐकणारे लोक नेमका तेवढाच तुकडा मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकतात. व्हायोलिन कुणी पुन्हा ऐकत नाही. हे कळल्यावर तिला पहिल्यांदा बरं वाटलं होतं, का खोटं बोला. घरी जाताना मात्र आपल्या अंगाला काहीतरी चिकट लागलंय असं वाटत राहिलं, आणि गेल्या गेल्या तिने आंघोळ केली.

त्या दिवशी तिसरी बायको सकाळपासून इतक्या वेळा मेली की दुपारी तिचा घसाच मेला. तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली.

"घरी जा, सराव करा," लेखक म्हणाला. "उद्या ताजी किंचाळी घेऊन या."

भाजीवाल्याला सांगावं तसं सांगितलं मेल्याने.

ती सराव घरीच करायची, स्वयंपाकघरात, खिडकी लावून. वरच्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, सोबत म्हातारी मावशी. इमारतीचा जिना मधोमध, वरपासून खालपर्यंत विहिरीसारखा मोकळा. खिडकी लावली तरी आवाज जिन्यात जायचाच. ती इथे नवीन राहायला आली तेव्हा पहिल्या किंचाळीला अख्खी इमारत धावत आली होती. कुणाच्या हातात झाडू, कुणाच्या हातात लाटणं. समोरच्या घरातले काका, जे इमारतीचे सेक्रेटरी, ते तर दाढीला अर्धा साबण लावलेला तसेच उघड्या अंगाने आले होते. तिने सगळ्यांना आत बसवून चहा पाजला आणि आपला धंदा सांगितला. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. तेव्हापासून तिचं नाव भूतवाली पडलं.

पण रोज कोण धावणार? काकांनी गच्चीवर सभा घेतली. भूतवालीने संध्याकाळी दिवे लागल्यावर तासभर सराव करावा, आणि किंचाळी ऐकू आली तर कुणी धावून जाऊ नये, असं सर्वानुमते ठरलं. तिने स्वतः हात वर केला होता. उलट आभारही मानले होते.

लोकांना त्याची इतकी सवय झाली की किंचाळी सुरू झाली की खालच्या मजल्यांवर कुकर लावले जायचे. काकांना तर दर्दीपणच चढलं होतं. जिन्यात भेटले की सांगायचे, "कालची छान होती हो. परवाची जरा ओढूनताणून वाटली."

बरोबर तिच्या खालच्या घरात वर्षभरापूर्वी एक जोडपं राहायला आलं. त्यांच्या समोरचं घर कुलूप लावून पडलेलं, त्यामुळे त्या मजल्यावर तेच दोघं. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. मऊ बोलणारा, मऊ हातांचा माणूस. मावशीच्या चष्म्याची मोडलेली काडी त्याने घरी येऊन बसवून दिली, कानामागे हलकेच बोट फिरवून कुठे रुततं का ते पाहिलं. तेव्हापासून मावशी त्याची आरती ओवाळायची तेवढी बाकी होती.

"शिक जरा," ती भूतवालीला म्हणायची. "मोठ्यांशी कसं बोलावं ते त्याच्याकडून शिक. नाहीतर तुझी जीभ."

"माझी जीभ तुझ्यावर गेलीये मावशी."

त्या चष्मेवाल्याने आल्या आल्या दार वाजवून विचारलं होतं, "ताई, तुमचा सराव रोज असतो का? नाही, हिला एकदम दचकायला होतं. आधी कळलं तर मी तिला तयार ठेवतो."

तिला इतकं भरून आलं. इमारतीत कुणाला बायकोच्या दचकण्याची पडली होती? मग ती रोज सकाळी कामावर निघताना त्याचं दार उघडं दिसलं की न चुकता सांगायची. आज आहे. आज नाही. आज लांबणार, भिंतीत चिणायचंय. तो हसून मान डोलवायचा. आज नाही म्हटलं की त्याचा चेहरा किंचित पडायचा. तिला वाटायचं, काय रसिक माणूस आहे. तो सगळे भाग ऐकायचा. मालकाचं दुःख लेखकाने फार छान रंगवलंय म्हणायचा.

बायको फारशी दिसायची नाही. लहानखुरी पोरगी, भरभर चालणारी, पिशवी छातीशी धरून. एकदा जिन्यात थांबून तिने विचारलं होतं, "ताई, तुम्हाला सुट्टी नसते का?"

"पोटाला कुठे सुट्टी असते गं," भूतवालीने हसून म्हटलं होतं.

पोरगीही हसली होती.

आणखी एक गोष्ट या वर्षातलीच. भूतवालीच्या किंचाळीमागून एखाद्या क्षणाने खालून एक बारीक घुमारा यायला लागला होता. ती किंचाळायची, थांबायची, आणि तिचाच आवाज जिन्यातून वर आल्यासारखा परत यायचा, जरा फाटका, जरा भरड. तिला तो फार आवडायचा. त्याच्यावर ताल धरून ती पुढची किंचाळी द्यायची. बटणवालीला तिने फुशारकीने सांगितलंही होतं की तुझ्या स्टुडिओत नाही असा घुमारा माझ्या स्वयंपाकघरात आहे.

"पूर्वी होता?" बटणवालीने विचारलं होतं.

"पूर्वी नव्हता. खालच्या घरात माणसं आली, सामान आलं, तेव्हापासून आला."

"सामान आलं की घुमारा कमी होतो, अगं. वाढत नाही."

"तुझी पुस्तकी अक्कल तुझ्यापाशी ठेव," भूतवाली म्हणाली होती, आणि विषय तिथेच संपला होता.

तर घसा गेला त्या दुपारी ती डॉक्टरणीकडे गेली. डॉक्टरणीने जीभ दाबून आत पाहिलं आणि सांगितलं की आता काही दिवस एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. ती घरी आली. सकाळी निघताना चष्मेवाल्याला सांगून गेली होती की आज मोठा सराव आहे, तिसरी बायको जायचीये. आता खाली उतरून नाही म्हणून सांगावं असं तिच्या मनात आलं, पण बोलायची बंदी आणि अंगात कणकण. म्हटलं, राहू दे, त्याला आपोआप कळेल.

दिवे लागले. मावशी टेबलाशी बसून शेंगा सोलत होती. भूतवाली मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत सिंकपाशी उभी होती. मोबाइलवर लेखकाचा निरोप आला, तो तिने आवाज बारीक करून ऐकला. तिसऱ्या बायकोचं प्रेत सापडतं तेव्हा ती झोपल्यासारखी दिसते, केस पसरलेले, गालावर एकच थेंब, तर किंचाळी त्या प्रेताला शोभेल अशी हवी. तिने तोंडातलं पाणी थुंकलं.

आणि तेवढ्यात खालून घुमारा आला.

ती गुळणीचा पेला हातात धरून तशीच उभी राहिली. तिने किंचाळी दिलीच नव्हती. तिच्या घशातून माशीएवढाही आवाज निघत नव्हता, मग परत काय आलं? मावशीचे शेंगा सोलणारे हात थांबले. तिने भाचीकडे पाहिलं, भाचीच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं.

पुन्हा आला. या वेळी मध्येच तुटला. त्यात नजाकत नव्हती. तो वर जात नव्हता. जड कपाट फरशीवरून ओढावं तसा बसका, घाणेरडा आवाज, आणि त्याच्या मागे कशावर तरी ओलं काहीतरी आपटल्याचा आवाज. एकदा. आणखी एकदा.

"तू नाही केलंस," मावशी म्हणाली. "मग रोज कोण करतं?"

भूतवालीला सगळं एकदम कळलं, आणि कळल्याबरोबर शिसारी आली. वर्षभर ती त्या आवाजावर ताल धरत होती. तिला तो आवडायचा. ती त्याची वाट बघायची. आज आहे, आज नाही, आज लांबणार, हे सगळं तिने स्वतःच्या तोंडाने त्याच्या दारात जाऊन सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, मी तिला तयार ठेवतो. पेला सिंकमध्ये टाकून ती दाराकडे धावली.

दार उघडलं तर काका समोर आपल्या उंबऱ्यात उभे, हातात वर्तमानपत्र.

"आज जरा कच्ची वाटली हो," ते म्हणाले. "तब्येत बरी नाही का?"

तिने आपल्या गळ्याला हात लावून मान हलवली. काकांना कळेना. तिने सगळा जीव एकवटून बोलायचा प्रयत्न केला. कोरड्या नळातून यावा तसा खरखराट बाहेर आला. "मी नव्हते."

"तुम्ही नव्हता म्हणजे? आत्ता ऐकली ना मी. टेप लावली होती का?"

माणसाला खोटंच ऐकायचं असलं की तो किती हुशार होतो बघा. ती त्यांना तिथेच सोडून जिना उतरली. काका मागोमाग आले. त्यांच्या मागून मावशी, कठड्याला धरत. आवाज नेहमीपेक्षा वेगळा वाटला म्हणून की काय, खालच्या मजल्यांवरचेही दोघं-चौघं जिन्यात येऊन वर बघत होते.

तिने दार वाजवलं. लगेच कुणी उघडलं नाही. मग उघडलं. चष्मेवाला ओल्या टॉवेलने हात पुसत उभा होता. केस नीट विंचरलेले. श्वास थोडा चढलेला, पोहून आलेल्या माणसाचा असतो तसा.

"ताई," तो हसून म्हणाला, "आज अगदी खरी वाटली."

त्याच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब होते, आणि तो चेहरा तृप्त होता. पोटभर जेवलेल्या माणसासारखा तृप्त. तिला त्याच्यावर ओकावंसं वाटलं.

"माझा घसा बसलाय," ती त्या खरखराटात म्हणाली. "दुपारपासून. मी आज तोंडच उघडलं नाही."

त्याचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्या हसण्यामागचा माणूस निघून गेला. क्षणभरच. मग त्याने टॉवेल खांद्यावर टाकला आणि आवाज खाली आणला.

"काय सांगू तुम्हाला. तुमच्या त्या गोष्टी ऐकून ऐकून हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. बसल्या बसल्या ओरडते. मी कुणाला बोललो नाही, घरातली गोष्ट. डॉक्टरांना दाखवायचंच आहे."

"असं होतं खरं," काका मागून पटकन म्हणाले. त्यांच्या आवाजात केवढी सुटका होती. "माझ्या भावजयीचं असंच झालं होतं. मनाचे खेळ असतात."

म्हणजे बघा, दार उघडून दोन वाक्यं झाली नाहीत तोवर बाई वेडी ठरली होती. लेखकाला एवढ्याला तीन भाग लागायचे.

भूतवालीने चष्मेवाल्याच्या छातीवर हात ठेवून त्याला बाजूला ढकललं आणि ती आत शिरली. त्याला कुणी असं ढकलेल हे त्याच्या स्वप्नातही नसावं. तो भिंतीला टेकला. घर लख्ख आवरलेलं होतं. उशीचे अभ्रे इस्त्री केलेले, चपला जोडीने लावलेल्या. टेबलावर चहाचे दोन कप. एक प्यालेला, एक तसाच, वर साय धरलेला.

स्वयंपाकघरात पोरगी फरशीवर बसून फुटलेल्या बशीचे तुकडे वेचत होती. नाकातून शेंबूड आणि रक्त एकत्र ओठावर आलेलं. हनुवटीला लाळ. केस पसरलेले नव्हते, घामाने डोक्याला चिकटले होते. एक कान बीटासारखा लाल. तिने घाबरून कपडे ओले केले होते, त्याचा वास त्या लख्ख स्वयंपाकघरात भरून राहिला होता. गालावर एकच थेंब वगैरे काही नव्हतं. भूतवालीने आजवर किती बायका मारल्या असतील, पण मार खाल्लेल्या माणसाला वास येतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं.

पोरगीने वर पाहिलं. तिने पहिलं काय विचारावं?

"ताई, तुम्हाला बरं नाही का?"

भूतवाली तिच्याजवळ खाली बसली.

"आज वरून आवाज आला नाही ना," पोरगी हळू म्हणाली. बोलताना तिचे हात तुकडे वेचतच होते. "मला वाटलं, आज नाहीये. तर हे म्हणाले, सकाळी सांगून गेल्यात, येईलच. आम्ही दोघं बसून राहिलो. मी चहा केला. त्यांनी घेतला. बराच वेळ वाट बघितली. मग म्हणाले, जाऊ दे, आज आपलं आपण सुरू करू."

भूतवाली उठून सिंककडे धावली आणि भडाभडा ओकली. मिठाचं पाणी, दुपारचा चहा, सगळं. सुजलेला घसा आतून सोलला गेला. पाठीवर एक हात आला. मार खाल्लेली ती पोरगी उठून तिची पाठ चोळत होती. एवढी लाज तिला जन्मात कधी वाटली नव्हती.

तिने नळाखाली तोंड धुतलं. मग टॉवेलसाठी हात पुढे केला आणि मागे घेतला. त्या घरातल्या टॉवेलला हात लावायची किळस आली. ओल्या तोंडानेच ती पोरगीला म्हणाली, "चल."

"कुठे?"

"वर. माझ्याकडे. मग तू म्हणशील तिथे."

"हे सोडणार नाहीत."

"विचारतंय कोण त्याला?"

पोरगीने हातातले तुकडे ओट्यावर ठेवले, नीट, एकावर एक. चप्पल घालायला बाहेरच्या खोलीत जावं लागलं असतं, तिथे तो उभा होता. ती अनवाणीच निघाली. चष्मेवाल्याने वाट अडवली नाही. दारात काका होते, मावशी होती, जिन्यात माणसं होती, आणि माणसांसमोर तो फार सभ्य होता.

"तू आजारी आहेस," तो बायकोला प्रेमाने म्हणाला. "उगाच शोभा करू नकोस. आत ये."

ती थबकली. भूतवालीला हातातला हात मागे ओढला गेल्यासारखा वाटला. त्या एका वाक्यावर ती परत फिरली असती. इतक्या दिवसांची सवय, पायांना माहीत असलेली. तेवढ्यात मावशी पुढे आली. तिने डोळ्यांवरचा चष्मा काढला, चष्मेवाल्याच्या पायाशी टाकला आणि त्याच्याकडे न बघता पोरीचा दुसरा हात धरला. म्हातारी चष्म्याशिवाय ठार आंधळी. "मला वर ने गं," ती म्हणाली. "मला पायरी दिसत नाहीये."

पोरगी पुढे निघाली. तिला म्हातारीला सांभाळायचं होतं.

ती दाराबाहेर आली तशी जिन्यातली माणसं मागे सरकली, कुणाचं अंग लागायला नको अशी. कुणी तिच्या ओठाकडे बघितलं, कुणी भिंतीकडे. खालच्या मजल्यावरची एक बाई तोंडावर हात ठेवून म्हणाली, "आम्ही तर कुकर लावत होतो गं."

"पोलिसांना फोन लावा," भूतवाली काकांना म्हणाली. आता तिचा आवाज जवळजवळ संपलाच होता.

काकांनी वर्तमानपत्राची घडी केली. "ताई, जरा दमानं घेऊ. नवराबायकोचं आहे. उद्या सभा बोलावू, दोघांना बसवू समोरासमोर." मग त्यांनी पोरीकडे पाहिलं, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं, ते तोंडावर दिसत होतं. "पोरी, आम्हाला काय ठाऊक? आम्हाला वाटायचं, ताईंचंच चाललंय. कळलं असतं तर आलो नसतो का आम्ही?"

पोरगी पायरीवर थांबली. मावशीचा हात तिने सोडला नाही.

"ताई नुसत्या ओरडतात, काका," ती म्हणाली. "मी तुम्हाला हाक मारायचे."

चष्मेवाल्याने आपलं दार हळूच लोटून घेतलं, आतून कडी लागल्याचा आवाज आला. पोरगी काकांकडे रागाने बघत नव्हती. ती उत्तराची वाटही बघत नव्हती. ती मावशीला पुढची पायरी दाखवत होती.

काकांनी खिशातून फोन काढला. नंबर लावताना त्यांचा अंगठा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. त्यांनी इमारतीचं नाव सांगितलं, मजला सांगितला, एक माणूस बायकोला मारतो असं सांगितलं. पलीकडचा आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू आला.

"तुम्ही स्वतः काय ऐकलंत?"

"हाक," काका म्हणाले.

"कुणाला मारलेली?"

"मला."

"केव्हा?"

काका कठड्याला धरून खाली बसले. भूतवाली त्यांच्या शेजारी उभी होती, आणि ते उत्तर तिचंही होतं हे तिला माहीत होतं. ती तिथून हलली नाही.

"वर्षभर," काका म्हणाले.